तयार नोंदी नकोत, वर्गातले लेखन हवे

एप्रिल उजाडला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत निकालाची घाई सुरू होते. संकलित मूल्यमापनाचे गठ्ठे तपासून झालेले असतात, गुणांचा मेळ बसलेला असतो. राहिलेल्या असतात त्या वर्णनात्मक नोंदी. मग मोबाइलवर ‘वर्णनात्मक नोंदी इयत्ता तिसरी’ असे शोधले जाते आणि क्षणात शैक्षणिक ब्लॉगांची रांग समोर येते. विषयवार वाक्ये तयार असतात. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘गणितातील संबोध समजून घेतो.’ ‘वर्गमित्रांना मदत करतो.’ ती उचलायची आणि पटावरच्या नावांपुढे वाटून टाकायची, एवढेच काम उरते. ज्या मुलाला जोडाक्षर अजून वाचता येत नाही त्याच्याही नावापुढे ‘प्रकट वाचन स्पष्ट उच्चारांत करतो’ असे पडते. पालक सही करतात, नोंदवही कपाटात जाते, आणि ते मूल तसेच पुढच्या वर्गात जाते.

ही नोंद आली कशासाठी, हे विसरता कामा नये. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षाअखेरच्या एका पेपरवर मुलाचा निवाडा होऊ नये, शिक्षकाने त्याला वर्षभर जवळून पाहावे आणि जे दिसले ते दोन ओळींत लिहावे, हा त्यामागचा विचार होता. चांगला विचार होता. त्या दोन ओळी ब्लॉगवरून उतरवल्या की त्या विचारातले सगळेच निघून जाते. पाहणे राहून जाते, कागद तेवढा भरतो.

याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. त्यातच यू-डायसची माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, मतदार याद्यांचे काम करायचे, आणि दुपारी तीनला मागितलेली माहिती चारच्या आत पाठवायची. अशा माणसाला कोणी तयार तक्ता, तयार एक्सेल, तयार नोंद दिली तर तो ती घेणारच. राज्यातल्या शैक्षणिक ब्लॉगांची वाढ झाली ती याच गरजेतून. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही ओळख रूढ झाली, तालुक्या-तालुक्यांत कार्यशाळा झाल्या आणि जिल्हा परिषदेच्या शेकडो शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग काढले. त्यांनी पदरमोड केली, रात्री जागवल्या. पूर्वी एखादे परिपत्रक पंचायत समितीतून शाळेपर्यंत पोचायला आठवडा लागे, ते त्याच दिवशी हातात येऊ लागले. हे उपकार मोठे आहेत आणि ते मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

पुढचे बोलणे असे, की गरज भागवणारा ब्लॉग आणि उपयोगी ब्लॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासन निर्णय, वेतनाचे तक्ते, परिपाठाचे सुविचार, नोंदींचे नमुने देणारे ठिकाण शिक्षकाचा वेळ वाचवते. त्याचे शिकवणे मात्र त्याने सुधारत नाही. उपयोगी शैक्षणिक लेखन ते, जे वाचून शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर त्याला समोरचे मूल अधिक स्पष्ट दिसते. कोणता ब्लॉग नेमाने वाचावा याची आमची कसोटी एवढीच आहे, आणि ती पालकांनाही तशीच लागू आहे.

उदाहरण घेऊ. दुसरी-तिसरीच्या वर्गात ५२ वजा २७ हे उदाहरण फळ्यावर घातले की हमखास काही मुले ३५ असे उत्तर लिहितात. ‘वजाबाकी सराव’ म्हणून नेटवर शोधणाऱ्या शिक्षकाला छापून घेण्याजोगी पानेच्या पाने मिळतात. त्या मुलांकडून शंभर उदाहरणे सोडवून घेतली तर तीच चूक शंभर वेळा पक्की होते. आता दुसऱ्या तऱ्हेचे लेखन पाहा. त्यात शिक्षक सांगतो, की मी त्या मुलाला जवळ बसवून ‘कसे केलेस ते सांग’ एवढेच विचारले. तो म्हणाला, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे त्याला वजाबाकी येत नाही असे नव्हे; ‘मोठ्यातून लहान घालवायचे’ हा नियम त्याने मनाशी बांधला आहे आणि तो प्रत्येक घरात प्रामाणिकपणे लावतो आहे. मग त्याच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या आणि म्हणायचे, यातल्या सत्तावीस मला दे. दोनच सुट्या आहेत, सात द्यायच्या आहेत. मूल थांबते, विचार करते आणि आपल्या हाताने एका गठ्ठ्याचे रबर सोडते. हातचा म्हणजे काय, ते त्याला तिथे कळते. असे एक पान वाचलेला शिक्षक उद्या ३५ हे उत्तर पाहून नुसती फुली मारणार नाही. तो विचारील, कसे केलेस. आणि त्या मुलाची खरी वर्णनात्मक नोंदही त्याला तिथेच मिळेल, कुठून उतरवावी लागणार नाही.

असे लेखन ओळखायचे कसे? पहिली गोष्ट, लिहिणारा कोण आहे, कोणत्या इयत्तेला शिकवतो, कोणत्या गावच्या शाळेत, हे तिथे असले पाहिजे. ज्याच्या मागे माणूस आणि वर्ग दिसत नाही, त्या मजकुरावर वर्ग सोपवू नये. दुसरी गोष्ट, जमले ते लिहिताना न जमलेलेही लिहिले आहे का ते पाहावे. ‘विद्यार्थी आनंदाने सहभागी झाले’ या वाक्याने संपणारा उपक्रम दुसऱ्याच्या कामाचा नसतो. कोणती मुले मागे राहिली आणि मग काय केले, हे सांगणारा असतो. तिसरी गोष्ट तारखेची. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला नेली गेली, पण त्याआधीचे सराव संच त्यानंतरही नेटवर फिरतच राहिले आणि पालक ते छापून मुलांपुढे ठेवत राहिले. पाठ्यपुस्तके बदलतात, परीक्षा बदलतात, योजना बंद होतात. ब्लॉगवरचा मजकूर मात्र आपणहून खाली उतरत नाही.

शासन निर्णयाच्या बाबतीत तर पडताळणी अगदी सोपी आहे. प्रत्येक शासन निर्णयावर अठरा अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. २०१५०६२२ ने सुरू होणारा संकेतांक दिसला की तो निर्णय २२ जून २०१५चा, हे कुणालाही वाचता येते. तोच संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद समोर येतो. एखाद्या ब्लॉगवर ‘शिक्षकांसाठी मोठी बातमी’ असा मथळा असेल आणि खाली संकेतांक नसेल, तर ती बातमी गटावर पुढे पाठवू नये. नवोदयच्या परीक्षेबाबतही हेच. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप इथे आहे आणि सहावीच्या प्रवेशासाठी इंदापूर-बारामतीच्या खेड्यांतून दरवर्षी मुले जिवापाड तयारी करतात. त्या परीक्षेच्या तारखा, अर्ज आणि नियम नवोदय समितीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. आधी तिथे पाहावे, मग इतरत्र.

चौथी गोष्ट मुलांच्या अब्रूची आहे. पुष्कळ ब्लॉगांवर मुलांचे फोटो, पूर्ण नावे, कधी गुणही सरसकट टाकलेले असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा कायद्यात आणला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाचे नाव गावासमोर टांगू नये, हे शिक्षकाला सांगावे लागू नये. जो ब्लॉग मुलांना जपतो, तोच मुलांविषयी खरे काही सांगू शकतो.

शोधण्याची रीतही बदलली पाहिजे. ‘शैक्षणिक ब्लॉग’ असे शोधले की जाहिरातींच्या जोरावर वर आलेली ठिकाणे मिळतात. आपली अडचण नेमक्या शब्दांत लिहून शोधावे. ‘मूल अक्षरे ओळखते पण शब्द वाचत नाही’, ‘तिसरीत हातच्याची वजाबाकी चुकते’, ‘दोन इयत्ता एकत्र कशा शिकवाव्यात’ असे लिहिले की त्या अडचणीशी झटलेला माणूस सापडण्याची शक्यता वाढते. तो सापडला की त्याचे मागचे लेखन वाचावे, त्याने कोणाचे नाव घेतले आहे ते पाहावे आणि तिकडे जावे. अशी तीन-चार ठिकाणे वर्षभर नेमाने वाचली तर ती पन्नास ठिकाणांना भारी आहेत.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मराठीत आणि आपल्या आसपास पुष्कळ आहे. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक नेटवर मोफत खुले केले आहेत, गोष्टीच्या तासाला एवढा मोठा साठा दुसरीकडे मिळणार नाही. पुण्याच्या आयुकात विज्ञान शोधिका चालवलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके आहेत. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला काडेपेटी आणि सायकलची नळी पुरते, हे तिथे कळते. ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून पालकांशी बोलते आहे आणि त्यातले लेख नेटवर वाचता येतात. ‘शैक्षणिक संदर्भ’ विज्ञान आणि शिक्षणावर गंभीरपणे लिहिते. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची, नीलेश निमकर यांची क्वेस्ट संस्था आदिवासी मुलांसोबतच्या कामातून वाचन शिकवण्याविषयी लिहिते आणि दाखवते. वाईला सुरू झालेला मराठी विश्वकोश आता नेटवर सगळ्यांना खुला आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी मोफत उतरवून घेता येतात.

आणि शेजार तर विसरूच नये. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण तालुका लागतो. तिथे मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे केले आणि मराठी वाचन-लेखन मुलांना कसे शिकवावे यावर आयुष्य घालवले. इंदापूरहून भीमा ओलांडली की माढा तालुका. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर्सच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांवर आज दिसणारे क्यूआर कोड त्यांनी आपल्या शाळेत आधी वापरून पाहिले होते. एका नदीपलीकडे भाषेचे काम आणि दुसऱ्या नदीपलीकडे तंत्राचे, असा शेजार लाभलेल्या दोन तालुक्यांनी केवळ तयार नोंदींवर समाधान मानणे शोभत नाही.

नुसती नक्कल केली की काय होते, हे आपण एकदा पाहिलेही आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. अनेकांनी तिथून खरा विचार आणला आणि आपापल्या शाळा बदलल्या. पण कितीतरी ठिकाणी फरशीवरच्या रंगीत आकृत्या तेवढ्या आल्या. मुलाने स्वतः विचार करून शिकायचे, ही मूळ गोष्ट वाटेतच राहिली. रंग उडाला आणि उपक्रम संपला. ब्लॉगवरून उपक्रम उचलणाऱ्यांची गत वेगळी होत नाही.

मराठीत शिक्षकाने स्वतःच्या वर्गाविषयी लिहिण्याची परंपरा जुनी आणि खानदानी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबादला आदिवासी मुलांमध्ये काम केले आणि ते लिहून ठेवले. कोल्हापूरला १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढणाऱ्या लीलाताई पाटील यांनी वर्गात घडलेले प्रसंग, मुलांचे बोल आणि आपल्या मनातले प्रश्न सतत लिहिले. त्यांच्याकडे इंटरनेट नव्हते. पण त्यांचे लेखन आजही कामाला येते, कारण त्यात मूल आहे. आजच्या शिक्षकाच्या खिशातल्या मोबाइलवर प्रकाशनाची सगळी सोय आहे. लिहिण्याची ती सवय मात्र हरवत चालली आहे.

आणि इथेच बारामती-इंदापूरचा स्वतःचा प्रश्न येतो. या दोन तालुक्यांतल्या वर्गांना जे हवे आहे ते मुंबई-पुण्याच्या ब्लॉगवर सापडणार नाही, कारण ते तिथे घडतच नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि दिवाळीनंतर शाळेत नवी मुले दाखल होतात. कोणाच्या हाती शिक्षण हमी पत्रक असते, कोणाच्या नसते. ती चार-पाच महिने राहतात आणि पट्टा पडला की जातात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गात येणाऱ्या त्या मुलीला चार महिन्यांत वाचायला कसे शिकवावे? आधीच्या शाळेतले तिचे काय झाले ते कसे शोधावे? जाताना तिच्याबरोबर काय द्यावे, म्हणजे गावाकडचा शिक्षक तिथून पुढे शिकवू शकेल? या दोन तालुक्यांत असे शिक्षक आहेत ज्यांनी हे प्रश्न वर्षानुवर्षे हाताळले आहेत. त्यांचे ज्ञान त्यांच्या बदलीबरोबर निघून जाते. ते लिहिले गेले तर बीडपासून कोल्हापूरपर्यंतच्या शिक्षकांना ते उपयोगी पडेल.

भिगवण-कुंभारगावच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. लांबलांबून लोक ते पाहायला येतात. त्या काठावरच्या शाळेत परिसर अभ्यासाचा पाठ कसा व्हावा? उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव गेले आणि पाणी ओसरले की त्याचे देऊळ उघडे पडते. चौथीच्या मुलाला धरण, विस्थापन आणि इतिहास शिकवायला याहून जिवंत साधन कोणते? निमगाव केतकीच्या पानमळ्यात पानांची मोजदाद कशी होते, भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाचा आकडा कसा चढतो, यात गणिताचे किती तास आहेत? सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यातले मूल आणि नीरा डाव्या कालव्याखालचे मूल एकाच तालुक्यात राहूनही पाण्याविषयी वेगळे बोलते. ते बोलणे वर्गात कसे आणावे? हे पाठ कुठल्याही तयार पीडीएफमध्ये नाहीत. ते इथल्या शिक्षकालाच लिहावे लागतील.

म्हणून आमची मागणी साधी आहे. केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा होतात. त्यांत सूचना आणि माहितीच्या मागण्या यांतच बहुतेक वेळ जातो. दर परिषदेत अर्धा तास राखून ठेवावा. एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाविषयी किंवा एका पाठाविषयी लिहिलेले एक पान वाचावे, काय जमले आणि काय नाही ते सांगावे, इतरांनी प्रश्न विचारावेत. मुलाचे नाव बदलून ते पान केंद्राच्या ब्लॉगवर जावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ते वाचावे, पण त्याचा तक्ता मागू नये आणि त्याला गुण देऊ नयेत. तसे झाले की तेही उतरवले जाऊ लागेल. आणि वर्णनात्मक नोंदींबाबत प्रशासनाने एवढे करावे, की प्रत्येक विषयात प्रत्येक मुलाच्या ढीगभर नोंदी मागण्याऐवजी थोड्या मागाव्यात, पण त्या खऱ्या मागाव्यात. नोंदींचा ढीग मागितला तर शिक्षक नक्कल करतो. दोनच खऱ्या ओळी मागितल्या तर तो मुलाकडे पाहतो.

पालकांनीही आपला वाटा उचलावा. प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी ती नोंद वाचावी आणि शिक्षकांना आदराने विचारावे, की गुरुजी, बाई, हे आमच्या लेकराविषयी तुम्हाला कशावरून वाटले? ज्याने मूल पाहिले आहे त्याला या प्रश्नाचा आनंद होईल आणि तो चार गोष्टी जास्त सांगेल. असा शिक्षक लिहू लागला तर त्याचे लेखन शोधून वाचा, दुसऱ्याला सांगा, त्याच्याशी बोला. मराठी शिक्षणाला तयार वाक्यांचा तुटवडा नाही. ज्यांनी मुलांना जवळून पाहिले आहे त्यांच्या लेखनाचा तुटवडा आहे, आणि तो भरून काढण्याची सुरुवात बारामती-इंदापूरच्या एखाद्या केंद्रशाळेतून येत्या जूनपासून करता येण्यासारखी आहे. त्याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.